तोतरेपणाचे उपचार : ओघापलीकडची उद्दिष्टे

तोतरेपणावरचा वाचोपचार लागू पडला की नाही, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक ठिकाणी एका आकड्यावरून ठरत असे. शंभर अक्षरे बोलताना माणूस किती अक्षरांवर अडखळला, हा तो आकडा. उपचाराआधी तो बारा असला आणि नंतर दोनवर आला, की काम झाले. आकडा कागदावर मांडता येई, आलेख काढता येई, दोन पद्धतींची तुलना करता येई. संशोधकांना तो सोयीचा होता. तोतरे बोलणाऱ्यांना मात्र तो कधीच पुरेसा वाटला नाही. बोलण्याची भीती, शब्द टाळण्याची सवय, एक वाक्य पुरे करायला लागणारी धडपड, शाळेत आणि नोकरीत मागे राहणे, ऐकणाऱ्यांचे वागणे, यांपैकी काहीच त्यात मोजले जात नव्हते. गेल्या पन्नास वर्षांत या गोष्टी हळूहळू उपचाराच्या उद्दिष्टांत आल्या. हा बदल का झाला, त्यातून प्रत्यक्षात काय बदलले आणि त्यावर कोणते आक्षेप आहेत, याचा हा आढावा.

तोतरेपणा साधारणपणे दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. शब्दाचा पहिला भाग पुन्हा पुन्हा येतो, ध्वनी ताणला जातो, किंवा ओठ-जीभ जागेवर असूनही आवाजच फुटत नाही. सुमारे 5 टक्के मुले या टप्प्यातून जातात आणि त्यांपैकी अंदाजे तीन चतुर्थांश मुलांचे अडखळणे पुढच्या काही वर्षांत थांबते. मोठ्या माणसांत प्रमाण सुमारे 1 टक्का राहते आणि त्यात पुरुष बायकांच्या चौपट असतात. घाबरट स्वभाव, आईबापांचा धाक किंवा डाव्या हाताची सवय मोडणे ही जुनी कारणे आता मागे पडली आहेत. 2010 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी निगडित पहिली जनुके दाखवली. 2025 साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीवरून असा संबंध असलेल्या 57 जागा नोंदल्या गेल्या. मेंदूच्या प्रतिमांतही बोलण्याचे नियोजन आणि स्नायूंचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या जोडण्यांत फरक दिसतो. मोठ्या वयापर्यंत टिकलेला तोतरेपणा पुरता नाहीसा होण्याची शक्यता त्यामुळे कमीच असते. उद्दिष्टांचा फेरविचार करावा लागला, त्याचे पहिले कारण हे होते. ‘बरे करणे’ हे एकच ध्येय ठेवले, तर बहुसंख्य प्रौढांचा उपचार आरंभापासूनच अपयशी ठरतो.

तरीही उपचाराचा इतिहास बराचसा याच ध्येयाचा इतिहास आहे. 1841 साली बर्लिनचे शल्यवैद्य योहान डिफेनबाख यांनी तोतरे बोलणाऱ्यांच्या जिभेच्या मुळाशी छेद घेण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि त्याही शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची सोय नसलेल्या काळात. आधुनिक वाचोपचाराची पायाभरणी 1920 आणि 1930च्या दशकांत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झाली. तेथील वेंडेल जॉन्सन यांचे म्हणणे असे, की लहान मुलाच्या साध्या अडखळण्याला आईबापांनी ‘तोतरेपणा’ हे नाव दिले की मूल खरोखर तोतरे होते. याच विचारातून 1939 साली त्यांच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातील 22 मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या काहींना, नीट बोलत असूनही, तुमच्या बोलण्यात दोष आहे असे सांगत राहण्यात आले. ती मुले तोतरी झाली नाहीत. पण काही बोलायला कचरू लागली, गप्प राहू लागली. प्रयोग कधी प्रसिद्ध झाला नाही. 2001 साली वृत्तपत्रांतून तो उघडकीस आला, विद्यापीठाने माफी मागितली आणि 2007 साली आयोवा राज्याने हयात व्यक्तींना व वारसांना भरपाई दिली. जॉन्सन यांचा सिद्धांत टिकला नाही, पण त्यातून निघालेला सल्ला टिकला : घरात या विषयाचे नाव काढू नका. अनेक घरांत त्यामुळे मूल रोज अडखळत राहिले आणि कुणीच त्यावर बोलले नाही. इतक्या कडेकोट शांततेचा अर्थ मूल ‘हे लाजिरवाणे आहे’ असाच घेते.

1960च्या दशकात वर्तनवादी मानसशास्त्राचा जोर होता. बोलण्याची नवी घडी बसवण्याच्या पद्धती त्यातून आल्या. इझरायल गोल्डायमंड यांनी माणसाला त्याचाच आवाज क्षणभर उशिरा ऐकवून अतिशय संथ, ताणलेले बोलणे घडवले. पुढे रोनाल्ड वेब्स्टर आणि इतरांनी श्वास सोडत हळुवार सुरुवात करणे, स्वर लांबवणे, व्यंजनांवर जिभेचा नि ओठांचा हलका स्पर्श ठेवणे अशा कौशल्यांचे काही आठवड्यांचे सलग वर्ग बांधले. या पद्धतींना नावे ठेवणाऱ्यांनीही त्यांचे श्रेय नाकारू नये, कारण वर्गाच्या शेवटी अनेकांचे अडखळणे खरोखर खूप कमी होई. अडचण घरी गेल्यावर सुरू होई. काही महिन्यांत बऱ्याच जणांचे बोलणे पूर्वीच्या वळणावर येई. ज्यांचे टिके, त्यांना प्रत्येक वाक्यावर लक्ष ठेवावे लागे. काय बोलायचे आणि कसे बोलायचे, या दोन्ही कामांना एकाच वेळी मन पुरत नाही. शिवाय बोलणे सपाट आणि यंत्रवत वाटे. 1984 मध्ये बोलण्याचा सहजपणा मोजण्यासाठी नऊ अंकांची मापनश्रेणी आली, ती याच अनुभवामुळे. अडखळणे शून्यावर आलेला माणूस ऐकणाऱ्याला विचित्र वाटत असेल आणि स्वतःलाही परका वाटत असेल, तर आकडा काय सांगतो, हा प्रश्न उपचारतज्ज्ञांनाही टाळता येईना.

उत्तराचा एक भाग आयोवाच्याच दुसऱ्या विद्यार्थ्याने आधीच देऊन ठेवला होता. चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तीव्र तोतरे बोलत. मिशिगनमधील कलामझू येथे अनेक दशके उपचार केल्यावर ते या निष्कर्षाला आले, की अडखळणे संपवण्यापेक्षा सैलपणे अडखळायला शिकणे जास्त शक्य आणि जास्त उपयोगी आहे. अडकलेल्या शब्दानंतर थांबून तो पुन्हा, कमी ताणाने म्हणणे. अडकलेले असतानाच ताण सोडत बाहेर येणे. आणि शेवटी शब्दाकडे येतानाच तयारीत असणे, असा त्यांचा क्रम होता. त्याआधी माणसाने आपला तोतरेपणा आरशात, ध्वनिफितीवर नीट पाहायचा-ऐकायचा आणि त्याची भीती कमी करायची. लॉस एंजेलिसचे मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली. ऐकू येणारे अडखळणे हे वरचे टोक, आणि पाण्याखाली लाज, भीती, अपराधीपणा. बोलावेसे वाटणे आणि बोलणे टाळावेसे वाटणे यांच्या ओढाताणीत माणूस अडकतो, असे त्यांचे मत होते. म्हणून टाळणे कमी करा, ऐकू येणारे अडखळणे काही काळ वाढले तरी चालेल, असा त्यांचा उलटा वाटणारा सल्ला होता.

तो उलटा का नाही, हे तोतरेपणा लपवून जगणाऱ्या माणसांकडे पाहिले की कळते. ही माणसे अडकणारा शब्द आधीच ओळखतात आणि ऐनवेळी दुसरा शब्द घालतात. ‘मंगळवारी’ अडेल असे वाटले, तर ‘परवा’ म्हणतात. एसटीत कंडक्टरपुढे आपल्या गावाचे नाव येणार नाही म्हणून पुढच्या थांब्याचे तिकीट काढतात. उपाहारगृहात हवे ते न मागता म्हणता येईल ते मागतात. वर्गात उत्तर येत असून ‘येत नाही’ म्हणतात. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो, म्हणून ओळख करून देण्याची वेळ अनेकांना सर्वांत अवघड वाटते. अशा माणसाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून अडखळण्याची टक्केवारी काढली, तर ती जवळजवळ शून्य येईल. बोलण्याचा ओघ मोजणाऱ्या पट्टीवर तो निरोगी ठरतो. प्रत्यक्षात त्याने शिक्षण, नोकरी आणि माणसे तोतरेपणाला चुकवत निवडलेली असतात. उलट उघडपणे, वारंवार अडखळणारा एखादा वकील किंवा शिक्षक आपले काम समाधानाने करत असतो. एकट्या टक्केवारीला उपचाराचे उद्दिष्ट मानले, तर पहिल्याला उपचार नको आणि दुसऱ्याला हवेत, असा निष्कर्ष निघेल. या एका उदाहरणापुढे जुनी पट्टी टिकत नाही.

मोजमापाची साधने यानंतर बदलली. त्याआधीचे, ग्लिंडन रायली यांचे 1972 पासून वापरात असलेले तीव्रतामापन अडखळण्याचे प्रमाण, सर्वांत लांब अडकण्यांचा कालावधी आणि डोळे मिटणे, मान झटकणे अशा सोबतच्या हालचाली नोंदवते. म्हणजे ऐकणाऱ्याला जे दिसते-ऐकू येते तेच. मराठीत तर साध्या मोजणीलाही काळजी लागते. ‘करवत’ लिहिताना चार अक्षरे असली, तरी उच्चारताना ‘कर्-वत्’ असे तुकडे दोनच पडतात, त्यामुळे लिखित अक्षरांवरून काढलेली टक्केवारी प्रत्यक्षापेक्षा कमी येते. 2001 साली जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य आणि अक्षमता यांचे नवे वर्गीकरण स्वीकारले. त्यात शरीराच्या कार्यातला बिघाड, रोजच्या व्यवहारांतला सहभाग आणि भोवतालची परिस्थिती यांचा एकत्र विचार होता. स्कॉट यारस आणि रॉबर्ट क्वेसल यांनी हा आराखडा तोतरेपणाला लावून 2006 साली प्रौढांसाठी शंभर प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. स्वतःच्या तोतरेपणाची जाण, त्याबद्दलच्या भावना आणि प्रतिक्रिया, रोजच्या प्रसंगांतले बोलणे आणि जीवनमान हे तिचे चार भाग आहेत. पुढे मुलांसाठीही तिची रूपे निघाली. 2019 साली सेथ टिचेनॉर आणि यारस यांनी तोतरे बोलणाऱ्या प्रौढांनाच तोतरेपणाची व्याख्या विचारली. त्यांच्या उत्तरांच्या केंद्रस्थानी बोलण्यावरचा ताबा सुटल्याची, अडकल्याची जाणीव होती. अडखळणे ऐकू येवो वा न येवो, ही जाणीव असतेच.

उद्दिष्टे रुंदावल्यावर उपचाराच्या खोलीत काय बदलते? पहिला बदल गृहपाठात दिसतो. पूर्वी माणूस संथ वाचनाचा सराव करून येई. आता त्याला चुकवत आलेल्या प्रसंगांची चढती यादी करायला सांगतात : घरच्यांपुढे तो शब्द म्हणणे, दुकानात वस्तूचे नाव घेऊन मागणे, फोन करणे, बैठकीत प्रश्न विचारणे. खालच्या पायरीपासून तो एकेक प्रसंग प्रत्यक्ष करतो, आणि अडखळला की नाही यापेक्षा ठरवलेले बोलला की नाही याची नोंद ठेवतो. दुसरे साधन म्हणजे मुद्दाम अडखळणे. भीती न वाटणाऱ्या शब्दावर, आपल्या इच्छेने, सैल अडखळायचे. आरंभी ते नकोसे वाटते. पण जी गोष्ट लपवण्यात आयुष्य गेले, तीच उघड करून काही बिघडत नाही, हा अनुभव समजावून सांगण्यापेक्षा लवकर पटतो. तिसरे साधन म्हणजे आपणहून सांगणे. मुलाखतीच्या किंवा भाषणाच्या आरंभी ‘मी तोतरे बोलतो, मला थोडा वेळ लागेल’ असे साधेपणाने, माफी न मागता म्हणायचे. कोर्टनी बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत अशा वक्त्यांबद्दल श्रोत्यांचे मत जास्त अनुकूल आढळले, आणि माफीच्या सुरात सांगणाऱ्यांना तेवढा फायदा मिळाला नाही.

मनाच्या बाजूला मानसोपचारातल्या पद्धती आल्या. तोतरे बोलणाऱ्या प्रौढांत समाजात वावरण्याची तीव्र चिंता बरीच आढळते. 2008 साली ऑस्ट्रेलियातील रॉस मेन्झिस आणि सहकाऱ्यांनी बोलण्याच्या प्रशिक्षणाला विचार-वर्तन उपचाराची जोड दिली. जोड मिळालेल्यांचे अडखळणे इतरांपेक्षा जास्त कमी झाले नाही, पण चिंता आणि टाळणे मात्र कमी झाले आणि तो फरक टिकला. ओघ आणि मोकळेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या बदलतात, हे या निष्कर्षाने स्पष्ट झाले. लंडनच्या सिटी लिट या प्रौढ-शिक्षण संस्थेत तोतरेपणा लपवणाऱ्यांसाठी खास गटवर्ग चालत आले आहेत. अमेरिकेत व्हिव्हियन सिस्किन यांनी शीहान यांची टाळणे कमी करण्याची परंपरा पुढे नेली. टेक्सास विद्यापीठातील बर्ड यांचे केंद्र त्याही पुढे गेले : संवादकौशल्य, स्वतःच्या हक्कासाठी बोलणे, खंबीरपणा आणि तोतरेपणाबद्दलचे ज्ञान ही त्यांच्या उपचाराची चार अंगे आहेत, अडखळणे कमी करणे हे उद्दिष्टच ठेवलेले नाही.

याच्या पुढची मांडणी अपंगत्व-चळवळीतून आली. शरीरातल्या उणिवेपेक्षा समाजाने उभे केलेले अडथळे माणसाला अक्षम करतात, हा विचार ब्रिटनमध्ये 1970च्या दशकापासून रुजला. 2014 साली जोशुआ सेंट पिएर आणि त्यांच्या सोबत्यांनी तो तोतरेपणाला लावून पाहिला, तर 2019 साली पॅट्रिक कॅम्पबेल, क्रिस्टोफर कॉन्स्टँटिनो आणि सॅम सिम्प्सन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात तोतरेपणा हा दोष नसून वेगळेपणा आहे, अशी भूमिका मांडली गेली. तोतरे बोलणे म्हणजे वेळ जास्त लागणारे बोलणे. त्या वेळेचा प्रश्न बोलणाऱ्याचा जेवढा, तेवढाच घाईतल्या ऐकणाऱ्याचाही आहे. वाक्य मध्येच पुरे करून देणारा साहेब, तीन सेकंदांत उत्तर न मिळाल्यास फोन तोडणारी स्वयंचलित यंत्रणा, तोतऱ्या पात्राला हशासाठीच राबवणारा चित्रपट, हे सगळे मग उपचाराच्या कक्षेत येतात. उपचारतज्ज्ञाने शाळेत जाऊन वर्गशिक्षकांशी बोलणे, तोंडी परीक्षेला जादा वेळ मिळवून देणे, ही कामेही त्याचीच ठरतात. ब्रिटनमध्ये 2010च्या समता कायद्याखाली तोतरेपणाला संरक्षण मिळू शकते, त्यामुळे अशा मागण्यांना तिथे आधार आहे.

लहान मुलांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे आणि ते वेगळेच ठेवायला हवे. शाळेआधीच्या वयात अडखळणे थांबण्याची शक्यता मोठी असते, म्हणून तिथे ओघाचे उद्दिष्ट अवास्तव नाही. सिडनीत मार्क ऑन्सलो आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या लिडकोम पद्धतीत आईबाप मुलाच्या सलग बोलण्याचे कौतुक करतात आणि अधूनमधून अडखळलेला शब्द पुन्हा म्हणायला सांगतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नऊ महिन्यांनी या मुलांच्या अडखळण्याचे सरासरी प्रमाण 1.5 टक्के होते. तुलनेच्या गटात ते 3.9 टक्के होते. नेदरलँड्समध्ये 199 मुलांवर या पद्धतीची तुलना दुसऱ्या एका पद्धतीशी झाली. त्या पद्धतीत मुलावरचा बोलण्याचा ताण कमी करण्यावर आणि त्याची क्षमता वाढवण्यावर भर होता. अठरा महिन्यांनी अडखळणे थांबलेल्या मुलांचे प्रमाण लिडकोम गटात 76.5 टक्के आणि दुसऱ्या गटात 71.4 टक्के होते. हा फरक निर्णायक मानला गेला नाही. म्हणजे अडखळणे दुरुस्त न करताही जवळपास तेवढाच परिणाम साधता येतो. मग सलग बोलण्याचेच कौतुक झाल्याने, ज्या मुलांचे अडखळणे थांबणार नाही त्यांच्या मनावर काय ठसेल, या चिंतेला वजन येते.

आक्षेपही आहेत. पहिला आक्षेप मोजण्याचा. अडखळणे मोजता येते. मोकळेपणा प्रश्नावलीत माणसाच्या स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून राहतो, आणि उपचारतज्ज्ञाला खूश करायला माणूस बरेच काही सांगतो. खर्च उचलणाऱ्या विमा कंपन्या आणि शाळा आकडा मागतात. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. बहुतेक लोक उपचाराला येतात ते तोतरेपणा जावा म्हणूनच. त्यांना ‘स्वीकार करा’ असे सांगणे म्हणजे तज्ज्ञाने आपली हार त्यांच्या गळ्यात बांधणे, असे टीकाकार म्हणतात, आणि या टीकेत तथ्य आहे. रुंद उद्दिष्टांच्या नावाखाली ओघाची इच्छाच चुकीची ठरवली, तर जुन्या हटवादाच्या जागी नवा हटवाद येईल. ओघाची तंत्रे एखाद्याला मुलाखतीपुरती हवी असू शकतात, आणि ती शिकवता येतात. फक्त ती जमल्याशिवाय बोलायला सुरुवातच करायची नाही, अशी अट त्यांना जोडू नये. तिसरी अडचण तज्ज्ञांच्या शिक्षणाची. अडखळणे मोजायला आणि तंत्र शिकवायला प्रशिक्षण मिळते. लाज, हक्क आणि कौटुंबिक दबाव यांवर बोलण्याचे प्रशिक्षण कमी मिळते.

भारतात, आणि महाराष्ट्रातही, या चर्चेला आणखी एक थर आहे. अनेक घरांत पहिला उपाय असतो जिभेला वेखंड किंवा अक्कलकाढा चोळण्याचा, किंवा जिभेखालची दोरी कापण्याचा. दोन्हींचा तोतरेपणाशी संबंध नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाणी व श्रवण संस्था किंवा मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था यांसारखी केंद्रे आहेत, पण प्रशिक्षित तज्ज्ञ प्रामुख्याने शहरांत एकवटले आहेत. तालुक्याच्या गावातल्या मुलापर्यंत ‘थोड्या दिवसांत तोतरेपणा घालवा’ अशी जाहिरात तज्ज्ञाच्या आधी पोचते. प्रौढ माणूस तज्ज्ञाकडे येतो तो बहुधा नोकरीची मुलाखत किंवा कांदेपोह्यांचा कार्यक्रम तोंडावर आला की. तेव्हा त्याला महिनाभरात ओघ हवा असतो आणि मुलीचा तोतरेपणा तर लग्न ठरेपर्यंत झाकून ठेवण्याकडेच घरच्यांचा कल असतो. अशा घरात ‘आपणहून सांगा’ हा सल्ला देण्यापूर्वी तज्ज्ञाला आईवडिलांशीही बोलावे लागेल. एकट्या माणसाशी केलेला करार इथे पुरत नाही.

दी इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही तोतरे बोलणाऱ्यांनीच चालवलेली संघटना काही पोकळी भरते. तिच्या स्वमदत गटांत पुण्या-मुंबईसारख्या शहरांतली माणसे एकत्र बसून बोलतात, एकमेकांसमोर मुद्दाम अडखळतात, बाहेर जाऊन अनोळखी लोकांशी बोलण्याचा सराव करतात. शीहान आणि व्हॅन रायपर यांची कितीतरी साधने इथे शुल्काशिवाय, तज्ज्ञाशिवाय वापरली जातात. कायद्याची बाजू मात्र कच्ची आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ‘वाचा व भाषा अक्षमता’ आहे, पण तिची व्याख्या शारीरिक किंवा मज्जाविषयक कारणांनी आलेल्या कायमच्या अक्षमतेची आहे आणि उदाहरणे स्वरयंत्र काढलेल्यांची व मेंदूच्या इजेने भाषा गेलेल्यांची आहेत. तोतरेपणा त्यात नावाने नाही. मौखिक परीक्षेत वेळ मागणारा विद्यार्थी त्यामुळे कायद्यावर सहज बोट ठेवू शकत नाही. परीक्षकाच्या समजूतदारपणावर त्याला बहुधा विसंबावे लागते.